अण्णांचा काळा दगड

भूपालअण्णांनी काढलेल्या पठाराच्या प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला काळा दगड असायचा. फोटोचा जवळजवळ तिसरा हिस्सा दगडच. त्याच्या पुढं फुलं सुरू व्हायची ती पार आभाळाला टेकेपर्यंत. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, फुलं चांगली आहेत, पण हा दगड कशाला घेतला? अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. "मग उभा कुठं राहू?"

सत्तर साली ते उंब्रजला आले. आमच्या घराची रस्त्याकडची खोली माझ्या सासऱ्यांनी त्यांना फोटोच्या दुकानासाठी दिली. ते मूळचे सांगलीचे, जैन. घरचं हळदीचं दुकान होतं, ते थोरला भाऊ बघायचा. अण्णांचं वय तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल. धोतर, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. एकटेच होते. लग्न का केलं नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं.

"बघाय गेलो हुतो एकदा, काकी," ते म्हणाले. "पोरीच्या परसात शेवगा फुलला हुता. त्येच बघत बसलो. पोरगी कवा आली नि कवा गेली, मला कळलंच न्हाई."

"मग?"

"तिच्या बापाला कळलं."

दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचे. प्यायचंच नाही, फोटो धुवायचंसुद्धा. फोटो पाच-सहा पाण्यांतून काढावे लागतात आणि आमच्या मागच्या दारी आड होता, म्हणून तर त्यांना ही खोली पसंत पडली. गाळून झालं की ते फडकं उलटं करून वरून पाणी ओतायचे आणि ते पाणी पुन्हा आडात सोडायचे. शेजारी नामदेव शिंप्याचं दुकान होतं. तो रोज टोकायचा.

"आवं अण्णा, म्होरं त्यात औषधच घालणार न्हवं? मग गाळून काय उपेग?"

"म्हणून तर गाळतोय. औषधात माझा फोटो जाऊ दे. फडक्यातल्या जिवांनी काय केलंय?"

औषधांनी अण्णांच्या बोटांची सालपटं निघायची. ते बघून सासऱ्यांनी मला फोटो धुवायला सांगितलं. आमचे हे फौजेत होते, वर्षातून एकदा यायचे. घरात पोरंबाळं नव्हती. दुपारची मी मागच्या पायरीवर बसून फोटो धूत असे. पहिलं वर्षभर मी अण्णांशी एक शब्द बोलले नाही. काही विचारायचं झालं तर दाराआडून सासूबाईंना सांगायचं आणि त्यांनी मोठ्यानं म्हणायचं.

"वैनींची शाळा किती झाली?" एकदा त्यांनी विचारलं.

"चौथी," सासूबाई म्हणाल्या. "अक्षर चांगलं हाय तिचं. पर लिव्हायला काय हाय घरात?"

त्या दिवसापासून फोटोंच्या पाठीवर लिहायचं काम माझ्याकडं आलं. अण्णांचा एक नियम होता. नाव आणि गाव लिहिल्याशिवाय दुकानातून एकही कॉपी बाहेर सोडायची नाही. नोकरीच्या अर्जाचे फोटो, लग्नाचे, बारशाचे, कुणाचा कुणाला जायचा. एकदा तळबीडच्या मुलीचा फोटो भलत्याच गावच्या पाहुण्यांकडं गेला आणि त्यांनी ती पसंतही केली. निस्तरायला अण्णांना दोन्हीकडं जावं लागलं होतं. "कॉपी दाराबाहेर पडली की मुकी असती, वैनी. पाठीवर लिव्हलं तरच बोलती." हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की ते माझ्या हातातच बसलं.

माणसांचे फोटो ते पोटासाठी काढायचे. चांगले काढायचे, पण मन नसायचं. त्यांना जागा आवडायच्या. बांध, ओढ्याचं वळण, पाऊस उघडल्यावरचा माळ. असले फोटो विकत कोण घेणार? ते एका पत्र्याच्या ट्रंकेत जात.

एकदाच कुणी आपणहून जागेचा फोटो मागितला. आमच्या गल्लीतल्या हौसाबाईंचा शंकर फौजेत होता. रजा संपवून परत जाताना त्यानं अण्णांना सांगितलं, मला आमच्या विहिरीकडच्या रानाचा फोटो पाठवा. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळीच रानात जाऊन बसले. हौसाबाई त्या दिवशी भांगलत होत्या. संध्याकाळी आमच्या दारात येऊन त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

"काय गं बाई ह्यो मानूस! सकाळधरनं एक चाप दाबाय बसलाय. माझ्या तीन पाती भांगलून झाल्या. म्या म्हनलं, आवं अण्णा, रानाचा कशाला, माझा काढा की. रान काय पत्र लिव्हनार हाय व्हय त्याला? तर म्हनत्यात, त्यानं रान मागितलंय, मावशी."

चिंचेची सावली विहिरीच्या काठावर कधी येते, त्याची ते वाट बघत होते. पाच वाजता ती आली. तेवढ्यात बांधावर आपल्या चपला तशाच राहिल्या आहेत हे हौसाबाईंना दिसलं. त्या उचलायला धावल्या तर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." आणि चाप दाबला. दोन महिन्यांनी शंकरचं पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं. त्यानं लिहिलं होतं, फोटो मिळाला, आईच्या चपला बघितल्या. हौसाबाईंनी ते वाक्य तीनदा वाचायला लावलं आणि मग अण्णांसाठी वांगी घेऊन आल्या. चातुर्मास होता, अण्णा वांगी खात नव्हते. त्यांनी ती घेतली आणि आम्हाला दिली.

एका जागेचा एका वेळी एकच फोटो, हा त्यांचा दुसरा नियम. तो आधी नव्हता, मध्येच आला. हायस्कुलातले विज्ञानाचे मास्तर फोटो काढायला आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की फिल्मवर जो थर असतो तो जनावरांच्या हाडांपासून काढलेल्या सरसाचा असतो. मास्तरांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना वाटलं अण्णांना माहीत असणार. अण्णांनी त्यांचा फोटो काढला नाही. दुकानाला कुलूप घातलं आणि दोन दिवस खोलीत उपाशी बसून राहिले. सासऱ्यांनी दार वाजवलं. "आवं अण्णा, आमी काय केलंय का?" आतून आवाज आला, "तुमी न्हाई. मी."

तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. सासूबाईंनी ताक दिलं, ते घेतलं. म्हणाले, "सोडून द्यावं म्हटलं, काकी. सुटंना. मग आता एवढंच, की उगं एक बी फोटो काढायचा न्हाई." तेव्हापासून चाप दाबायला त्यांना पहिल्याच्या दुप्पट वेळ लागायला लागला. गिऱ्हाइकं वैतागायची. नामदेव शिंपी म्हणायचा, "अण्णा, तुमी फोटो काढूस्तवर माझ्या गिऱ्हाइकाला कापडं तोकडी व्हत्यात."

आता पठाराचं सांगते.

दर वर्षी भाद्रपदात, अनंत चतुर्दशी झाली की अण्णा दोन दिवस दुकान बंद ठेवायचे. कॅमेरा, त्याची तीन पायांची घोडी आणि पोह्यांचा डबा घेऊन एसटीनं जायचे आणि एक फोटो काढून परत यायचे. कुठं जातात ते कुणालाच माहीत नव्हतं. डोंगरावर एक पठार आहे, एवढंच सांगायचे. तिथं त्या दिवसांत इतकी फुलं असतात की पाय ठेवायला जागा नसते. असं लोक सहज बोलताना म्हणतातच, पण अण्णांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. त्यांच्या आई चातुर्मासात हिरवळीवर पाय देत नसत. ती सवय यांनाही लागली होती. त्यामुळं शेळ्यांच्या वाटेनं वर चढायचं, ओढ्यातल्या दगडांवर पाय देत एका सपाट काळ्या दगडावर जायचं आणि तिथूनच फोटो घ्यायचा. पहिल्या आठ वर्षांत त्यांनी त्या दगडावरून पाय खाली ठेवला नाही.

फोटो काळेपांढरे. रंग हातानं भरायचे. रंगाच्या छोट्या वह्या मिळायच्या, पानांना सुकलेला रंग लावलेला. पानाचा तुकडा कापून वाटीतल्या पाण्यात टाकायचा, काडीला कापूस गुंडाळायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. नवरीचे ओठ, शालूचा काठ हे मी अण्णांकडूनच शिकले होते. पठाराला रंग द्यायचं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"मी बघितलं न्हाई ते. रंग कसा द्यायचा?"

एखादं फूल तोडून आणलं असतं तर काम भागलं असतं. ते तोडणार नव्हते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "ही सोनकी. पिवळी. पण हळदीवानी न्हाई. ताकात हळद टाकून पहिल्यांदा डाव फिरवल्यावर रंग येतोय न्हवं, तसली."

मी सोनकी केली. ते म्हणाले, जमलं.

"ह्यो तेरडा. लाल न्हवं, गुलाबी बी न्हवं. थंडीत तान्ह्या पोराची टाच कशी दिसती? तसा. आणि ही बारीक निळी हायती, सीतेची आसवं म्हणत्यात. शाईचा डाग धुतल्यावर कापडावर ऱ्हातोय तेवढीच निळी. जास्ती न्हाई."

असं दर वर्षी चालायचं. दुष्काळाच्या साली त्यांनी फोटो आणला त्यात दगडच जास्त दिसत होता. मी नेहमीसारखे रंग कालवले. ते म्हणाले, "आवंदा कमी घाला, वैनी. जेवढं हुतं तेवढंच." झालेला फोटो ट्रंकेत जायचा. पाठीवर काही लिहायचं नाही, कारण तो बाहेर जायचा नव्हता.

सातव्या वर्षी मी विचारलं, फुलांच्या डाव्या बाजूला आभाळ खाली का उतरलंय? तिथं कडा आहे, ते म्हणाले. आणि मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी मला सगळी वाटच सांगितली. कुठल्या फाट्यावर उतरायचं, भैरोबाची वाडी, वाडीचं तळं, तळ्यावरून डावीकडं, दोन आंब्यांपासून चढण. सांगून झाल्यावर म्हणाले, "हे कुणाला बोलू नगा. लोकं वाईट नसत्यात, वैनी. पण पायच असत्यात त्यास्नी. तिथली माती चार बोटं हाय, खाली सगळा खडक. एकदा तुडवली की गेली. परत येती का न्हाई, मला म्हाईत न्हाई."

मी कुणाला बोलणार? मी घरातही फारशी बोलत नव्हते.

त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांचे थोरले भाऊ सांगलीहून आले. हळदीच्या दुकानाची दिनदर्शिका छापायची होती. दर वर्षी देवाचं चित्र असायचं, यंदा काहीतरी वेगळं हवं होतं. अण्णांनी ट्रंक उघडली. भावांनी सगळे फोटो बघितले आणि पठाराचा शेवटचा उचलला.

"हे आपल्याकडचं हाय? खरं वाटंना. पण निम्मा दगड कशाला घेतलास रं?"

"मग उभा कुठं राहू?"

"आबांनी तुला दुकानात तराजूवर बसवला, तर तू हिकडं दगडावर येऊन बसलास." भाऊ हसले. अण्णाही हसले. भावांनी अण्णांचा एखादा फोटो मागून नेण्याची ती पहिलीच वेळ होती. अण्णांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. "ने," ते म्हणाले. "खाली जागेचं नाव घालू नगंस, एवढंच." भावांनी मान डोलावली. त्यांची कऱ्हाडची गाडी चुकत होती. अण्णा त्यांची पिशवी घेऊन पुढं झाले आणि मला म्हणाले, "वैनी, तेवढी कॉपी पाकिटात घालून द्या."

कॉपी बाहेर चालली होती. मी ती उलटी केली. पाठ कोरी होती. मी पेन घेतलं आणि लिहिलं. भैरोबाचे पठार. त्याखाली फाटा, वाडी, तळं, डावीकडं, दोन आंबे. नाव आणि गाव. बोलायचं नाही हे मला आठवत होतं. पण हे बोलणं आहे, असं माझ्या मनाला शिवलंच नाही. कॉपी हरवू नये, कुठल्या जागेची ते कळावं, एवढंच मनात होतं. अक्षर चांगलं यावं म्हणून मी सावकाश लिहिलं. पाकीट बंद करून दिलं.

संक्रांतीच्या आधी एसटीनं दिनदर्शिकांचं भेंडोळं आलं. अण्णांनी दोरी सोडली आणि एक उलगडून बाकावर पसरली. रंग जवळजवळ बरोबर उतरले होते. सोनकी थोडी जास्त पिवळी. सासरे म्हणाले, "आमच्या सुनंनं रंगवलंय ते!" नामदेव शिंपी हातातली कात्री घेऊन तसाच बघायला आला. त्यानं खालची ओळ मोठ्यानं वाचली. भैरोबाचे पठार. मग बारीक अक्षरांतला पत्ता. माझं अक्षर न् अक्षर छापलं होतं. दोन आंबेसुद्धा.

माणसं पांगल्यावर अण्णांनी विचारलं, "पत्ता कुणी दिला छापखान्याला?"

मी दाराआडून बाहेर आले. "मी लिव्हला. पाठीवर. कॉपी बाहेर चालली व्हती म्हणून."

त्यांनी तो कागद पुन्हा गुंडाळला. "व्हय," ते म्हणाले. "मीच शिकवलंय ते."

त्यापुढं त्यांनी मला त्याबद्दल कधीच काही म्हटलं नाही. मला रडू आलं होतं, ते त्यांना दिसलं असावं. जाता जाता एवढं बोलले, "फोटो मी काढला न्हवं? दाखवायचा न्हवता तर काढायचा कशाला?"

दिनदर्शिका कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत दुकानांत, घरांत लागली. आमच्या सोप्यातही लागली. अण्णा म्हणायचे, रानातली फुलं बघायला कोण एवढं चालत जातंय. उन्हाळाभर असंच म्हणत होते. पाऊस सुरू झाल्यावर म्हणायचे बंद झाले.

भाद्रपदात ते नेहमीसारखे गेले आणि त्याच दिवशी परत आले. कॅमेरा बाकावर ठेवला. मी रोल धुवायला पाणी काढलं तर म्हणाले, "नगा काढू. काही न्हाई त्यात." नंतर सासऱ्यांना सांगताना मी ऐकलं. वाडीपर्यंत एक ट्रक आणि दोन जीपगाड्या आल्या होत्या. एक जीप पार वरपर्यंत चढवली होती. पोरं फुलांत लोळत होती, बायका मधोमध बसून भडंग खात होत्या, कागद उडत होते. एका माणसानं अण्णांना हाक मारली होती, "आवं काका, दगडावर काय करताय? हिकडं या की, हितनं झकास दिसतंय!" काळ्या दगडावर जीपवाल्याचा टॉवेल वाळत घातला होता.

"भांडला न्हाईसा?" सासऱ्यांनी विचारलं.

"कशावरनं? त्यास्नी आवडलंच हुतं की."

पुढल्या वर्षी पितृपक्षात त्यांच्या भावांना अर्धांगाचा झटका आला. हळदीचं दुकान बघायला कुणी नव्हतं. अण्णांनी सांगलीला जायचं ठरवलं. दसऱ्याला खोली रिकामी करतो म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी सासूबाईंना विचारलं, "काकी, वैनींस्नी एकदा पठार दाखवून आणू का? तुमी बी चला."

आम्ही तिघं गेलो. फाटा, वाडी, तळं, दोन आंबे. मी लिहिलं होतं तसंच सगळं होतं. ओढ्यातल्या दगडांवरून सासूबाईंचा हात धरून मी त्या काळ्या दगडावर चढले. सासूबाई धापा टाकत बसल्या. "एवढं चढून आनलंसा, आन् बसाय दगडच व्हय?"

फुलं होती. माझ्या वाटीतल्या रंगांपेक्षा ती पुष्कळ साधी दिसत होती. आणि त्यांच्या मधून, दगडापासून सरळ आतपर्यंत, बैलगाडीच्या रुंदीची एक वाट गेली होती. गेल्या वर्षी जीप तिथून गेली होती. वाटेवर एकही फूल नव्हतं. गवतही नव्हतं. माती वाहून गेली होती आणि खालचा खडक जागोजाग उघडा पडला होता.

अण्णांनी घोडी उभी केली, कॅमेरा बसवला, काचेतून बघितलं. नेहमीसारखा वेळ लावला. चाप दाबला नाही. मग त्यांनी चपला काढल्या, दगडाच्या कडेला नीट जोडून ठेवल्या आणि एक पाय खाली त्या वाटेवर ठेवला.

"आवं अण्णा, कुठं निघालासा?" सासूबाई म्हणाल्या.

"आत जाऊन येतो, काकी. ह्या वाटंवर आता पायाखाली मरायचं काय ऱ्हायलं न्हाई."

त्यांनी धोतराचा सोगा वर धरला, पाण्यातून जाताना धरतात तसा. हात अंगाशी घेतले, दोन्हीकडच्या फुलांना लागू नयेत म्हणून. वाट रुंद होती, तसे ते लागले नसतेच. सावकाश चालत ते मधोमध गेले. वाट संपली तिथं थांबले. मग वळले आणि आमच्याकडं, दगडाकडं बघत उभे राहिले. ही बाजू त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

"वैनी," त्यांनी तिथून हाक मारली, "वाटलं तर दाबा चाप!"

मी दाबला.

तो फोटो त्यांनीच धुऊन दिला आणि दसऱ्याला ते गेले. त्यांची माझी पुन्हा गाठ पडली नाही. त्यात ते तांदळाच्या दाण्याएवढे दिसतात. पांढरा सदरा म्हणून ओळखू येतात, इतकंच. खाली दगड आहे आणि त्याच्या कडेला त्यांच्या चपला आल्या आहेत. मी नंतर सवडीनं त्याला रंग दिले. सोनकी ताकातल्या हळदीची केली, तेरडा तान्ह्या पोराच्या टाचेचा, निळी फुलं धुतलेल्या शाईची. मधली वाट तशीच राहिली. ती कशासारखी होती, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.